मागच्या पायरीवरची कॉफी

गुरुवार क्लिवोन, १ ऑगस्ट

त्या बदकात मला बसवायचं कोणी ठरवलं, ते अजून कुणी कबूल केलेलं नाही. गावच्या मैदानावर संध्याकाळी दिव्यांच्या पायगाड्या भाड्याने मिळतात. आमची बदकाच्या आकाराची होती. चौघांनी पाय मारायचे. दामार तीन वर्षांचा, त्याचे पाय पोचत नाहीत. किनांती सहा वर्षांची, तिचे पोचतात पण ती मारत नाही, हात हलवते. माझी सून एन्दा खाली उभी राहून फोटो काढत होती. म्हणजे अख्खं मैदान मी आणि माझ्या मुलाने, हांदोयोने, ओढलं. सत्तरीला टेकलेल्या बाईने बदकात बसून गावाला प्रदक्षिणा घालायची आणि वर नातवंडांकडून ऐकायचं काय, तर "उती, मज्जा आली ना?" उती म्हणजे मी, आजी.

नाही आली. रविवारची गोष्ट, आज गुरुवार, गुडघ्यांची सूज अजून उतरली नाही.

असो. वहीला सलाम. ही वही एन्दाने दिली. ती सुईण आहे, दवाखान्यात कंत्राटावर. म्हणाली, "आई, रोज रक्तदाब लिहायचा. वरचा आकडा, खालचा आकडा, काय खाल्लं, काय झालं." मी तिसरीपर्यंत शिकले, अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण आकड्यांचं मला कुणी शिकवू नये. वाराला जोडून बाजाराचा दिवसही मीच घालते.

वर १६५. खाली ९५. भात, पालक, तळलेलं सोयाबीनचं टेम्पे. झालं काय, तर बदक.

रविवार पोन, ४ ऑगस्ट

आज मोठ्या मशिदीतला ढोल बघायला नेलं. जणू मी तो पाहिलाच नाही. चाळीस वर्षं त्याच रस्त्यावरून पाठीवर जामूच्या बाटल्या बांधून गेले. जामू म्हणजे झाडपाल्याचं औषधी पेय: हळद-चिंचेचं, तांदूळ-कचोऱ्याचं, कडू काढ्याचं. सकाळी माझ्या हातचा पेला घेतल्याशिवाय अर्ध्या बाजाराचं पोट साफ होत नव्हतं. पण नाही, फोटो हवा.

ढोल बैलगाडीएवढा. किनांतीने आत डोकं घातलं आणि "उतीऽ" म्हणून ओरडली. आतून माझं नाव मोठं होऊन आलं. रखवालदार रागावला. मी त्याला म्हटलं, "तू बारा वर्षांचा असताना ह्याच ढोलामागे विडी ओढायचास, मी पाहिलंय." 

हे सगळं फिरणं कशासाठी, ते लिहून ठेवते. एन्दा तिसऱ्या खेपेला सरकारी परीक्षा पास झाली. पक्की नोकरी. पण कुठे, तर नुनुकानला, समुद्रापलीकडच्या कालिमंतान बेटाच्या पार वरच्या टोकाला. आधी रेल्वेने सुराबायाला जायचं, मग चार-पाच दिवस जहाज. सप्टेंबरच्या अठरा तारखेच्या आत हजर झाली नाही तर जागा दुसरीला. हांदोयोने मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आवरायला घेतलंय. हत्यारांची लोखंडी पेटी आणि मोटारसायकल सोडून तो जाणार नाही, म्हणून विमान नको, जहाजच. आणि जायच्या आधी दर रविवारी मुलांना काहीतरी दाखवायचं, हे एन्दाचं खूळ. मुलांना दाखवायचं, आणि दमायचं मी.

"आई, तुम्ही पण चला ना तिकडे," ती येताना म्हणाली. हे तिचं सातव्यांदा.

"तिथे माझा जामू कोण पिणार? माकडं?"

हांदोयो हसला. ती हसली नाही.

वर १६०.

बुधवार लेगी, ७ ऑगस्ट

मागच्या पायरीवर कॉफीचा पेला. गोड, काठोकाठ भरलेला, कुणी तोंड न लावलेला. त्यात मुंग्यांची जत्रा. हे एन्दाचंच काम. अधूनमधून करते. करायची, ठेवायची, विसरायची. मी म्हटलं, "डोकं आत्ताच नुनुकानला पोचलंय वाटतं तुझं."

"हो आई, चुकलं," म्हणाली आणि पेला धुतला.

भांडत नाही, हाच तिचा दोष. भांडली असती तर मला दिवसभर काहीतरी उद्योग मिळाला असता.

गुरुवार पाहिंग, ८ ऑगस्ट

आज म्हाताऱ्याचा दिवस, माझा नवरा गेला तो. त्याच्यासाठी पुढच्या खोलीत कॉफी ठेवली, लवंगेची सिगारेट ठेवली. छातीने गेला, तरी सिगारेट ठेवते. आता काय व्हायचंय?

किनांतीला शाळेत हे शिकवत नाहीत, म्हणून मी बोटांवर शिकवलं. वार सात, ते सगळ्या जगाचे. बाजाराचे दिवस पाच: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. दोन्ही जोडले की माणसाचा दिवस. तीच जोडी पुन्हा पस्तीस दिवसांनी येते. माझं नाव पोनिरा, कारण मी पोनची. प्रत्येक दिवसाला आकडा आहे. नवऱ्याचा, बायकोचा आणि कामाच्या दिवसाचा आकडा मिळवायचा, पाचाने भागायचं, बाकी काय उरते ते बघायचं. एक उरली तर धान्य, दोन तर मान, तीन तर भरलेलं कोठार, चार तर आजारपण. काहीच उरलं नाही तर मरण. आणि आईबाप ज्या दिवशी गेले त्या दिवशी कुठलंही शुभ काम नाही. लग्न नाही, घर बदलणं नाही. बाकी कितीही चांगली उरो.

"आणि दिवस बदलतो केव्हा?" मी विचारलं.

"बारा वाजता."

"तो कचेरीचा. आपला दिवस सूर्य बुडाला, मशिदीत ढोल वाजला की बदलतो."

"मग आजोबा कधी गेले?"

"बुधवारी ढोल वाजल्यावर. म्हणजे गुरुवार पाहिंग."

पोरगी हुशार आहे. म्हणाली, "थोडे आधी गेले असते तर बुधवार लेगी." एन्दा दारात भाजी निवडत होती. तिच्या हातून चाळण पडली.

गेल्यापासून हजाराव्या दिवसाचं जेवण मागच्याच महिन्यात झालं. आता म्हाताऱ्याचं माझ्याकडे काही राहिलं नाही, फक्त पस्तीस दिवसांची ही कॉफी. हांदोयो संध्याकाळी जवळ येऊन बसला. जहाज २९ ऑगस्टला आहे म्हणाला. "आई, मोजून सांग. तू हो म्हणालीस तर जाऊ."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर कसा जाईन?"

एवढा मोठा घोडा, मिशा फुटल्या, दोन पोरं झाली, तरी आईच्या तोंडाकडे बघतो. चांगलं वळण लावलंय मी. आता त्याचा मलाच त्रास.

शनिवार वागे, १० ऑगस्ट

२९ ऑगस्ट, गुरुवार पोन. दोनदा मोजलं. पहिल्यांदा जी बाकी आली ती इथे लिहीत नाही. दुसऱ्यांदा चार आली. चार म्हणजे आजारपण. तान्ह्यासारखी दोन लेकरं घेऊन आजारपणाच्या दिवशी समुद्रावर जायचं का? हांदोयोला सांगितलं, पुढचं जहाज बघ. तो "बरं आई" म्हणाला.

वर १७०. का चढला कळत नाही, आज मीठही कमी होतं.

शनिवार लेगी, १७ ऑगस्ट

स्वातंत्र्याचा दिवस. गल्लीत खेळ झाले. दोरीला पापड टांगून हात मागे बांधून खायचे. दामार उंची पुरेना म्हणून रडला, मग हांदोयोने त्याला उचलून धरलं, तर म्हणे ही फसवणूक. मोठा वाद झाला. बायकांच्या पोत्यातल्या शर्यतीत एन्दा दुसरी आली. बक्षीस एक बादली. बादली मला दिली. म्हणजे जाताना ओझं नको.

सगळ्या गल्लीने तिला विचारलं, कधी निघता? ती म्हणाली, "आई सांगतील तेव्हा." हसत म्हणाली. गल्ली माझ्याकडे बघायला लागली. मी बादली उलटी करून तिच्यावर बसले.

रविवार वागे, २५ ऑगस्ट

जोग्या शहरात प्राणी बघायला. दोन तास भाड्याच्या गाडीत, दामारने माझ्या मांडीवर ओकारी काढली. हत्ती पाहिला. हत्ती पण माझ्यासारखाच, पाय दुखत असावेत, या पायावरून त्या पायावर. मी बाकावर बसून राहिले. एन्दा माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझा हात हातात घेऊन फोटो काढला. कशाला, विचारलं, तर म्हणाली, "हाताचा फोटो माझ्याकडे नाही."

या पोरींना काय काय हवं असतं!

परत येताना हांदोयोच्या फोनवर जहाजाचं नवं वेळापत्रक आलं. पुढचं जहाज १२ सप्टेंबर. त्यापुढचं २६ ला, म्हणजे उशीर. गाडीतच मी बोटं मोजली. १२ सप्टेंबर, गुरुवार. गुरुवार पाहिंग.

हांदोयोने गाडी हळू केली. मी खोटं मोजलेलं नाही. कॅलेंडरवर कुणीही बघावं. बापाच्या मरणाच्या दिवशी मुलगा घर सोडत नाही. हे मी नाही ठरवलं.

बाकी पण मोजली. तीन. भरलेलं कोठार. काय उपयोग?

गुरुवार पोन, २९ ऑगस्ट

आज ते जहाज सुटलं. एन्दा दवाखान्यातून आली, जेवली, भांडी घासली. आधी घासलेली भांडी पुन्हा घासली.

सोमवार पाहिंग, २ सप्टेंबर

भिंत बांबूची आहे. मी कान लावत नाही, कानच लागलेला असतो.

एन्दा: "मंगळवारी निघू. सुराबायात दोन दिवस राहू."

हांदोयो: "विचारलं मी. आई म्हणते, जमीन सोडतो तो दिवस धरायचा. घर नाही."

एन्दा: "हा नियम आधी कधी ऐकला नव्हता."

हांदोयो: "मी पण नाही. पण तिने म्हटलंय."

मग तो म्हणाला, "बापाच्या दिवशी गेलो आणि पोरांना काही झालं तर? आयुष्यभर मी स्वतःला, ती मला..." पुढचं ऐकू आलं नाही. एन्दा म्हणाली, "तीन वेळा परीक्षा दिली मी. दामार पोटात असताना एकदा." रडली नाही. ती रडत नाही. तोही तिचा दोष.

दवाखान्यात कळा देणाऱ्या बायांना ती सांगते, ओरडा, ओरडून सुटतं. स्वतः मात्र ओठ मिटून.

वर १७५. खाली १००. काय खाल्लं आठवत नाही.

शनिवार पाहिंग, ७ सप्टेंबर

उद्या समुद्र म्हणे. मी नाही म्हटलं. किनांती माझ्या मागे मागे फिरली, "उती, सगळीकडे आलीस, मग समुद्रावर का नाही?" मी म्हटलं, मी आयुष्यात एकदा सहलीला गेलेय, तेवढी पुरे. "कुठे?" समुद्रावर. "मग काय झालं?"

काय सांगायचं लहान पोरीला? येते म्हटलं. तोंड तरी बंद होईल.

रविवार पोन, ८ सप्टेंबर

जसं झालं तसं लिहिते. 

दामारला कुणी हिरवा सदरा घातला होता. दक्षिणेच्या समुद्रावर हिरवं! हिरवा रंग समुद्राच्या राणीचा, ती आपलं माणूस समजून खाली ओढून नेते, हे दुधपित्या पोराला ठाऊक असतं. मी वाळूवर पाय ठेवायच्या आधी त्याचा सदरा उतरवला. हांदोयो म्हणाला, "आई, हा पोपटी आहे. हिरवा नाही."

"जा, राणीला समजावून सांग."

तो पोरांना घेऊन पाण्याच्या कडेला गेला, उघडा दामार आणि लाल झग्यातली किनांती. मी नारळवाल्याच्या चटईवर बसले. एन्दा वाळूतल्या किड्यांचे कुरकुरीत वडे घेऊन आली, इथे मिळतात ते. माझ्यासमोर ठेवले.

"मी खात नाही ते," मी म्हटलं.

"माहीत आहे. हजार दिवस खाल्ले नाहीत." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, एक सांगायचंय. नंतर ओरडा, पण शेवटपर्यंत ऐका."

"जहाजाचं असेल तर सांगू नकोस."

"बाबांचं आहे."

त्या दिवसाचं मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. गल्लीतल्या बायकांची बस निघाली होती, इथेच, ह्याच समुद्रावर. म्हातारा पंधरा दिवस अंथरुणावर. मी नको म्हणत होते. तो म्हणाला, "जा गं. चाळीस वर्षं बाटल्या उचलल्यास, एक दिवस हात हलवत फीर. आणि मला ते वडे आण." मी गेले. घरी आले तेव्हा ढोल वाजून गेला होता. वड्यांची पिशवी हातातच. दारातूनच एन्दाचा चेहरा दिसला. मी विचारलं, आत्ताच? ती म्हणाली, आत्ताच.

आज ती म्हणाली, "साडेचार वाजले होते, आई. दुपारची शेवटची बांग होऊन गेली होती, ढोल वाजायला अजून तास होता. मनगट माझ्या हातात होतं. मला वेळ बघायची सवय आहे."

मी म्हटलं, "खोटं."

"तेव्हा बोलले ते खोटं होतं. तुम्ही पिशवी घेऊन उभ्या होतात. दीड तास झाला असं कसं सांगू? हांदोयो तुमच्याही नंतर आला दुकानातून. त्याला माहीत नाही. कुणालाच नाही."

पाणी यायचं आणि जायचं. हांदोयो पोरांना उचलून लाटेवरून उडवत होता. दामारचं हसणं इथपर्यंत येत होतं.

म्हाताऱ्याचे हात गार होते तेव्हा. मी धरले होते. मी आयुष्यात किती मेलेल्यांना आंघोळ घातली, मला कळत नाही का? पण पंखा चालू होता. मी म्हटलं पंख्याने गार झाले असतील.

"मला बोलावलं का नाही? फोन होता ना तुझ्याकडे."

"त्यांनी करू दिला नाही. म्हणाले, फोन करू नकोस, ती बस मागे फिरवायला लावील. बायका हिला पुन्हा कधी नेणार नाहीत."

असंच बोलेल तो. अगदी असंच. हे खोटं रचता येत नाही कुणाला.

"म्हणजे तो बुधवारी गेला," मी म्हटलं. "बुधवार लेगी. आणि मी सात दिवसांचं, चाळिसाव्याचं, शंभराव्याचं, वर्षाचं, दोन वर्षांचं, हजाराचं, सगळी जेवणं एक दिवस चुकवून घातली? सगळ्या गल्लीला उलट्या दिवशी बसवून दुवा मागितली?"

"मी..." ती म्हणाली आणि थांबली.

"बोल आता. तोंड उघडलंस तर पुरतं उघड."

"नाही. काही नाही, आई."

"आणि आज सांगतेस. का? जहाजासाठी."

"हो," ती म्हणाली. "जहाजासाठी."

सरळ हो म्हणाली. दुसरी असती तर म्हणाली असती, तुमच्या मनाच्या शांतीसाठी. मला तिचं तेवढं आवडलं, पण तिला सांगायचं कारण नाही. मी उठले आणि गाडीत जाऊन बसले. वडे तिथेच राहिले. किनांती येताना घेऊन आली आणि वाटेत सगळे खाल्ले.

सोमवार वागे, ९ सप्टेंबर

पडूनच राहिले. हांदोयो दोनदा विचारून गेला, "आई, बरं नाही का?"

एन्दा एकदा खोटं बोलली. तेव्हा की आता? जहाज चुकू नये म्हणून माणूस मेलेल्याची वेळ बदलू शकतो. मी पण बाकी बदलली होती. कोण काय करेल सांगता येत नाही.

मग वही चाळली. आकडा शोधत होते, दवाखान्यातल्या डॉक्टरला दाखवायला. तर ७ ऑगस्टचं पान उघडलं. बुधवार लेगी. मागच्या पायरीवर कॉफी. माझ्याच हातचं, कोंबडीच्या पायाचं अक्षर.

अधूनमधून करते, असं मीच लिहिलंय. मग आठवत बसले. रोजे संपायच्या आधी एकदा, तेव्हा मी तिला रोज्यात कॉफी करतेस म्हणून बोलले होते. त्याआधी किनांतीला गोवर आला त्या आठवड्यात. कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि पस्तीस-पस्तीस मागे गेले. जे आठवलं ते सगळं बुधवार लेगीवरच पडलं.

दर पस्तीस दिवसांनी. गोड, काठोकाठ, कारण त्याला तशीच लागायची. आणि मी तिला वेंधळी म्हणायचे.

मंगळवार क्लिवोन, १० सप्टेंबर

हांदोयोला बोलावून सांगितलं, "जा. गुरुवारी जा."

"पण आई, बाबांचा दिवस..."

"माझी चूक झाली होती. ते बुधवारी गेले. मी घड्याळ नीट पाहिलं नव्हतं."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी, आणि दिवसाची चूक! "आई, तू आमच्यासाठी खोटं तर..."

"मी तुझ्यासाठी कशाला खोटं बोलू? तू कोण मोठा लागून गेलास? जा, पेट्या बांध."

एन्दा चुलीपाशी होती. तिने वळून पाहिलं नाही. पण भात करपला.

आणि २९ ऑगस्टची पहिली बाकी लिहून टाकते. एक होती. धान्य.

बुधवार लेगी, ११ सप्टेंबर

घरभर पेट्या. मोटारसायकल पुढे गेली. किनांतीने बदकातला फोटो भिंतीला चिकटवला आहे, मी तोंड वाकडं करून पाय मारतेय. काढायचा म्हटलं तर डिंक पक्का आहे.

सव्वाचारला मागच्या दारी गेले. कॉफी घेऊन. दोन मोठे चमचे साखर, काठोकाठ. तर पायरीवर पेला आधीच होता, आणि एन्दा तिथे बसलेली. मी पण बसले. दोन पेले झाले. ती म्हणाली, "आज त्यांना जास्त होईल."

"होऊ दे. हजार दिवसांची उधारी आहे माझी."

साडेचार वाजले तेव्हा तिने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. मुंग्या आल्या.

गुरुवार पाहिंग, १२ सप्टेंबर

गेले.

पहाटेच्या गाडीने. निघताना पोरांना तांदूळ-कचोऱ्याचा जामू पाजला, दामारने अर्धा सांडला. अंगणातली माती फडक्यात बांधून एन्दाकडे दिली. तिथे पोचल्यावर पहिल्या पाण्यात चिमूटभर टाकायची, पोरांना पाजायची, मग नवं पाणी बाधत नाही. तिला हे माहीत होतं, तरी मी पूर्ण सांगितलं आणि तिने पूर्ण ऐकून घेतलं.

हांदोयोने माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मी म्हटलं, "ऊठ, तोच गुडघा दुखतो." किनांती म्हणाली, "उती, आता रविवारी काय करशील?" झोपेन म्हटलं. एन्दाने माझा हात कपाळाला लावला आणि कानाशी म्हणाली, "रक्तदाब रोज." दुसरं काही नाही. मी पण दुसरं काही नाही.

दिवसभर घरात कुणी काही मागितलं नाही. दुपारी बादली उलटी करून तिच्यावर बसून शेंगा सोलल्या. अर्ध्याच सोलल्या, मग लक्षात आलं एवढ्या लागणार नाहीत. फार थकायला झालंय. त्या सगळ्या सहलींचा थकवा आज एकदम आला असावा. वर १५०. कमी झाला. या आकड्यांना पण काही अक्कल नाही.

एक गोष्ट दाराशी विचारायची राहिली. तिथे घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे आणि सूर्य आधी बुडतो म्हणे. म्हणजे इथे अजून बुधवार असेल तेव्हा तिथे ढोल वाजून गुरुवार लागलेला असेल. तर पुढच्या बुधवार लेगीला, १६ ऑक्टोबरला, म्हाताऱ्याची कॉफी तिने कुठल्या सूर्याने ठेवायची, तिथल्या की इथल्या? मी सांगणार नाही. माझं एकदा चुकलं आहे.

पोचल्यावर फोन येईल तेव्हा हेच पहिलं विचारीन. हांदोयोने उचलू नये, तो नुसतं "बरं आई" म्हणतो. किनांतीनेही मध्ये बोलू नये. वेळ तिने पाहिली होती, उत्तर एन्दानेच द्यायचं.